आवाज गेलेल्या माणसाचा कीबोर्ड

मी कीबोर्ड. रोज ज्याच्यावर बोटं आपटता, ज्याच्या फटींत बिस्किटांचा भुगा सांडता आणि हवं ते अक्षर सापडलं नाही की ज्याला बोल लावता, तोच मी. आज जरा हात आवरा आणि माझं ऐकून घ्या. मला सांगायचंय त्यात मी थोडा आहे आणि भोंगाकाका जास्त आहेत. पण माझं खरं आयुष्य त्यांच्याच बोटांखाली गेलं. त्यांना वगळून मी काय कपाळ सांगणार?

माझा जन्म कारखान्यातला. एका पट्ट्यावरून आम्ही भावंडं ओळीने पुढे सरकत होतो आणि हातमोजे घातलेल्या बायका आमच्या अंगावर एकेक बटण बसवत होत्या. अक्षरांची बटणं म्हणजे मोठ्या खटल्याचं घर. मधोमध स्पेसचं लांबरुंद बटण, घरातल्या कर्त्यासारखं. आणि खाली डाव्या कोपऱ्यात कंट्रोलचं बटण. ते एकटं दाबलं तर ना अक्षर उमटतं, ना ओळ हलते. मला ते घरात फुकट खाऊन बसलेल्या भावासारखं वाटायचं. त्याची किंमत मला फार पुढे कळली.

तिथून मी गेलो टायपिंगच्या वर्गात. मास्तर कडक होते. "माझ्याकडे बघा, बटणांकडे नको," म्हणायचे. मुलंमुली एकच परिच्छेद माझ्यावर पुन्हापुन्हा बडवायची. एखादा लबाड मात्र तो एकदाच लिहायचा, कंट्रोल दाबून उचलायचा आणि खाली धडाधड चिकटवत सुटायचा. मास्तरांच्या लक्षात आलं की त्याची धडगत नसे. "ही चोरी आहे, चोरी!" असं ओरडत ते त्याला उभं करायचे. त्यामुळे कॉपी आणि पेस्ट म्हणजे कामचुकारांचे धंदे, असंच माझ्या मनात बसलं होतं.

पुढे वर्ग बंद पडला. आम्ही सगळे जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो, पालथे, एकावर एक, वायरी एकमेकांच्या गळ्यात. तिथे धुळीशिवाय कुणी आमची विचारपूस केली नाही.

एक दिवस एक तरुण बाई आली. तिच्याकडे एक लॅपटॉप होता. चालत होता, पण त्याची निम्मी बटणं मेलेली होती. "मराठी अक्षरं असलेला कीबोर्ड हवाय," ती म्हणाली. "अक्षरं ठळक हवीत. बाबांना चष्मा आहे." दुकानदाराने ढिगातून मला ओढून काढलं आणि फुंकर मारली. माझ्या प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षराशेजारी मराठी अक्षर छापलेलं आहे. तिने एक अक्षर नखाने खरवडून पाहिलं. ते निघालं नाही. "हाच द्या," ती म्हणाली.

तिचे बाबा बसस्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटतेय, कुठली उशिरा येणार, हे माइकवरून सांगायचं त्यांचं काम. आवाज असा खणखणीत की माइक बिघडला तरी त्यांचं अडत नसे. खिडकी उघडून बोलायचे. स्थानकावर सगळे त्यांना भोंगा म्हणायचे आणि वयाने लहान असलेले भोंगाकाका. मीही लहानच, म्हणून मीही तसंच म्हणतो.

मी घरात आलो तेव्हा मात्र तो आवाज गेलेला होता. घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. त्यावर काका पातळ फडकं बांधायचे. जीव वाचला होता. ओठ पूर्वीसारखेच हलायचे, पण त्यातून साधी कुजबुजसुद्धा बाहेर येत नव्हती. आणि इतकी वर्षं हा माणूस माइकवर बोलला, तरी त्याचा आवाज कुणी साठवून ठेवलेला नव्हता. रोज कानावर पडणारी गोष्ट साठवायची कशाला, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

लेकीने लॅपटॉपमध्ये एक सोय करून दिली. मराठीत लिहायचं, एक बटण दाबायचं, की लॅपटॉप ते मोठ्याने वाचून दाखवायचा. पुरुषाचा आवाज, पण सपाट. बातमी चांगली की वाईट, ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कसं सुरू करायचं, कसं बंद करायचं, एवढं शिकवून लेक आपल्या नोकरीच्या गावी परत गेली. घरात उरलो मी, काका आणि काकू.

काकांनी जन्मात कधी संगणकाला हात लावला नव्हता. ते एका बोटाने लिहायचे. एक अक्षर दाबलं की पुढचं शोधायला चष्मा माझ्या अंगाला टेकेपर्यंत वाकायचे. मला सांगावंसं वाटायचं, "अहो, उजवीकडे, जरा खाली, तिथेच आहे ते!" पण मी काय, दाबलं तेवढंच बोलणारा.

एकदा त्यांचा जुना दोस्त भेटायला आला. तो बंदराच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आल्याआल्या म्हणाला, "भोंग्या, मला नवी कोरी गाडी मिळाली! अजून सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही." काकांचा चेहरा फुलला. त्यांनी मला पुढे ओढलं आणि लिहायला घेतलं. दोस्त थोडा वेळ थांबला. मग त्याच्याने गप्प बसवेना. "घरी मात्र सगळा घोळ आहे. सासरे मोरीत पाय घसरून पडले. कंबरेचं हाड मोडलंय. बायकोचं रडणं थांबत नाही..."

नेमकं तेव्हाच काकांचं वाक्य पुरं झालं आणि लॅपटॉप बोलला, "वा! फार आनंद झाला. असंच होत राहो!"

दोस्ताचं तोंड उघडंच राहिलं. काकू तोंडावर हात दाबून आत पळाल्या. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मग दोस्तच पोट धरून हसत सुटला. काकाही हसले. त्यांचे खांदे गदगदत होते, आवाज नव्हता. पण दोस्त गेल्यावर ते बराच वेळ माझ्यावर नुसता हात ठेवून बसून राहिले.

लोक थांबत नाहीत हे बघून काकू त्यांच्या वतीने बोलायला लागल्या. "ह्यांना बरं वाटतंय आता." "ह्यांना दगदग नको म्हणतात." "ह्यांना ते नाही आवडणार." काकूंचं मन स्वच्छ होतं. आणि त्यांचं पुष्कळदा बरोबरही असायचं. पण काकांचं वाक्य माझ्यावर अर्धं लिहून तसंच राहायचं. मग ते एकेक अक्षर मागे खोडत जायचे. त्या दिवसांत मागे जायचं माझं बटण सगळ्यात जास्त झिजलं.

अशात एक दिवस मोठ्या बाई घरी आल्या. स्थानकाचा सगळा कारभार त्यांच्या हातात होता. म्हणाल्या, "काका, तुमची रजा संपत आली. पार्सलच्या खोलीत जागा आहे. बसून काम. कुणाशी बोलायचं नाही, काही नाही."

"बरंच झालं की, बाई," काकू लगेच म्हणाल्या. "ह्यांनाही तेच हवंय."

काकांनी टेबलावर अशी थाप मारली की माझी बटणं उडाली. काका लिहायला लागले. दोनदा चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण उठल्या नाहीत.

लॅपटॉप म्हणाला, "मला माइकवर परत यायचंय."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. "काका, तुम्ही नाही तर तिथे नुसती बोंब आहे. आमचा कारकून अर्धे शब्द गिळतो, आणि प्रवासी मला येऊन विचारतात. पण गाडी लागल्यापासून सुटेपर्यंत किती वेळ मिळतो, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? तुमचं वाक्य लिहून होईपर्यंत गाडी पुलापलीकडे गेलेली असेल."

काकांनी लिहिलं, "एक सकाळ द्या."

बाई उठल्या. "सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत या. एक सकाळ तुमची. जमलं तर माइक, नाही जमलं तर पार्सलची खोली. मग कुरकुर नको. कबूल?"

काकांनी मान हलवली.

बाई गेल्यावर काकू म्हणाल्या, "मी तुमच्या भल्यासाठीच बोलले हो."

"माझं मला बोलू दे," लॅपटॉप म्हणाला. काकांनी स्वतःच्या आवाजात हे म्हटलं असतं, तर त्यात थोडी अजिजी असती, थोडी मायाही असती. यंत्राने ती सगळी गाळून टाकली आणि नुसते शब्द काकूंच्या अंगावर फेकले. काकू कपबशा उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला तेव्हा काकूंनीच तिला सगळं सांगितलं. फोनमधून लेकीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "पण बाबा प्रत्येक वेळी अख्खं वाक्य का लिहितायत? 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' हे तर दरवेळी तेच असतं. सगळी वाक्यं एका पानावर एकदाच लिहून ठेवायला सांग. मग हवं ते कॉपी करायचं, पेस्ट करायचं, आणि बदललं असेल तेवढंच बदलायचं."

काकू वळून म्हणाल्या, "ती म्हणतेय कॉपी करा आणि पेस्ट करा."

काकांनी भुवया उंचावल्या. पेस्ट त्यांच्या लेखी दात घासायची होती.

काकांनी आधी वाक्यं लिहून काढली. बंदराची गाडी, डोंगराकडची गाडी, कारखान्याची गाडी, विमानतळाची गाडी. लागली, सुटतेय, उशिरा येतेय, रद्द झाली. किती दिवस ते माझ्यावर वाकून होते! पान भरलं तेव्हा त्यांनी पाठीचा कणा हाताने दाबत सरळ केला. मग लेकीने सांगितल्याप्रमाणे शिफ्ट दाबून बाण चालवला. ओळी निळ्या होत गेल्या. त्यांना गंमत वाटली. बाण चालवतच राहिले आणि अख्खं पान निळं झालं. आता कॉपीसाठी कंट्रोल आणि म, म्हणजे इंग्रजी सीचंच बटण. त्यांनी कंट्रोल दाबला, सोडला, आणि मग म दाबला.

पान पांढरं झालं. वरच्या कोपऱ्यात एकटा म उरला.

मला काय झालं ते ठाऊक होतं. निळ्या झालेल्या मजकुरावर नुसतं अक्षर दाबलं की सगळा मजकूर जातो आणि त्या जागी ते अक्षर बसतं. कंट्रोल दाबून धरायचा असतो, म दाबून होईपर्यंत सोडायचा नसतो. पण हे काकांना सांगणार कोण? त्यांनी भराभर हाताला येतील ती बटणं दाबली. मग सगळं बंद केलं, जे जतन केलं नव्हतं तेही त्याबरोबर गेलं. माझी वायर हिसडून काढली आणि मला कपाटावर टाकलं.

तिथे मी पडून राहिलो. वाटलं, झालं. पुन्हा धूळ, पुन्हा जुन्या सामानाचं दुकान.

त्यांचं घर स्थानकाच्या मागेच होतं. खिडकी उघडी असली की तिथला कर्णा ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी कारकुनाचा आवाज आला. "प्रवाश... द्यावे. डों... गाडी फला... वर..." मग खालून कुणा बाईचा घाबरा आवाज, "काय म्हणाला? कुठली गाडी? अहो, कुणी ऐकलं का?" काका खिडकीशी उभे होते. त्यांचे ओठ हलले. मला कपाटावरून दिसलं, ते पूर्ण उद्घोषणा म्हणत होते, शब्दन्‌शब्द, मधले थांबे घेत. म्हणून झाल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली, स्टुलावर चढले आणि मला खाली काढलं. फडक्याने माझी धूळ पुसली. काकूंना हाक मारायला त्यांना आवाज नव्हता, म्हणून दोनदा टाळी वाजवली.

लेकीला पुन्हा फोन झाला. ह्या वेळी तिने कंट्रोल आणि झेड आधी शिकवलं. "बाबांना सांग, काहीही चुकलं तरी घाबरून बंद करायचं नाही. हे दाबलं की चूक मागे घेता येते."

काकांनी ते मुद्दाम करून पाहिलं. एक ओळ लिहिली, उडवली, परत आणली. पुन्हा उडवली, पुन्हा आणली. त्यांची मान हळूहळू ताठ होत गेली. घशाची गाठ निघाल्यापासून मागे घेता येईल असं त्यांच्या बाबतीत काहीच घडलं नव्हतं.

कॉपी मात्र हाताला लागेना. एक बोट कंट्रोलवर धरून दुसऱ्याने म दाबायचा, तर त्यांचं पहिलं बोट आपोआप उचललं जायचं. काकू बाजूला बसून बघत होत्या. शेवटी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सरका. मी धरते, तुम्ही दाबा."

काकूंनी कंट्रोलवर बोट रोवलं. काकांनी म दाबला. पडद्यावर काहीच झालं नाही. काकांनी हात उडवले, म्हणजे, बघ, नाहीच होत.

"तिने सांगितलंय, उचललेलं दिसत नाही म्हणून," काकू म्हणाल्या. "खिशात घातलेलं बाहेरून दिसतं का? आता खालच्या ओळीवर जा. हं. आता न."

काकांनी न, म्हणजे इंग्रजी व्हीचं बटण दाबलं. खाली तीच ओळ उमटली. जशीच्या तशी, काना-मात्रेसकट.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "जुळं झालं!"

काकांनी पडद्यावर बोट ठेवून दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. मग न दाबला, पुन्हा न, पुन्हा न. काकूंनी कंट्रोल सोडला नव्हता. पान त्या एका ओळीने भरून गेलं आणि दोघंही लहान मुलांसारखी हसायला लागली. "म आणि न," काकू म्हणाल्या. "म्हणजे मन. लक्षात ठेवायला सोपं आहे."

टायपिंगच्या वर्गातल्या मास्तरांचं ओरडणं मला आठवलं. ज्याला ते चोरी म्हणायचे, ती ह्या घरात दोन माणसं मिळून करत होती आणि त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

थोड्या वेळाने काकांनी काकूंचं बोट हळूच माझ्यावरून उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. स्थानकावर काकू नसणार होत्या. त्यांनी डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर रोवली. ती करंगळी वयाने आखडली होती, वाकायची नाही. त्यांनी उजव्या हाताने तिला खाली दाबून बसवलं, जसं रुसलेल्या मुलाला बाकावर बसवतात. मग रोज सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी आमचा सराव चालायचा. सगळी वाक्यं त्यांनी पुन्हा लिहिली. मधल्या चुका काही कमी नव्हत्या. दोन वाक्यं एकापाठोपाठ उचलायचे आणि चिकटवल्यावर दुसरंच यायचं. खिसा एकच, नवीन घातलं की जुनं बाहेर पडतं, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. चुकलं की गळ्याच्या भोकातून जोरात श्वास सुटायचा. पण त्यानंतर एकदाही त्यांनी माझी वायर काढली नाही.

ठरलेल्या सकाळी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही निघालो.

उद्घोषणेच्या खोलीला समोर मोठी काच होती. तिच्यातून सगळे फलाट दिसायचे. काकांनी लॅपटॉपच्या तोंडाशी माइक ठेवला आणि मला पुढ्यात घेतलं. मोठ्या बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कारकून त्यांच्यामागून डोकावत होता.

पहिली गाडी कारखान्याची. शिफ्ट, बाण, करंगळी, म, न. फलाट बदलला. बोलायचं बटण. कर्ण्यातून तो सपाट आवाज स्थानकभर गेला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. कारखान्याची गाडी फलाट दोनवर उभी आहे." खालच्या लोकांनी माना वर केल्या. आवाज अनोळखी होता, पण शब्द पुरे होते. माणसं फलाट दोनकडे चालू लागली. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढची गाडी, त्याच्या पुढची गाडी. मी इतका आनंदात होतो की माझं अडकणारं एन्टरचं बटणही त्या दिवशी सुरळीत चाललं.

आणि मग बंदराची गाडी आली. ती नेहमी चारवर लागते. त्या दिवशी चारवर डोंगराकडची गाडी उभी होती, म्हणून बंदराची नऊवर गेली. काकांनी वाक्य उचललं, चिकटवलं. तेवढ्यात कुणीतरी काचेवर टकटक करून काहीतरी विचारलं. काकांचं लक्ष तिकडे गेलं, हात मात्र चालत राहिला आणि त्यांनी बोलायचं बटण दाबलं. वाक्यात चार तसाच राहिला होता.

"बंदराकडे जाणारी गाडी फलाट चारवर उभी आहे."

लोक धावले. बोचकी, पेट्या, कडेवरची मुलं घेऊन सगळे चारकडे, आणि डोंगराकडच्या गाडीत चढायला लागले. तिकडे नऊवर बंदराची गाडी रिकामी घरघरत होती. त्या गाडीतले लोक पुढे बोटीत बसतात. गाडी चुकली की बोट चुकली, आणि बोट मग दुसऱ्या दिवशीच. काकांनी काचेतून ते पाहिलं. पूर्वी असतं तर त्यांनी एक आरोळी ठोकली असती. आता माइक हातात होता आणि आरोळी नव्हती. यंत्राला तर ओरडताच येत नाही. त्याच्या लेखी आग लागली काय नि पाऊस आला काय, सगळं एकाच सुरात.

"काका!" दारातून मोठ्या बाई ओरडल्या. "चुकलंय!" कारकून माइक घ्यायला पुढे सरसावला. काकांनी डाव्या हाताने त्याला अडवलं. उजव्या हाताने एकच शब्द लिहिला. थांबा. तो निळा केला. करंगळी कंट्रोलवर गेली, ह्या वेळी तिला दाबून बसवावं लागलं नाही. म. मग न, न, न, न, न, न, न. मी त्यांच्या बोटाखाली नुसता खडखडत होतो.

"थांबा थांबा थांबा थांबा थांबा थांबा थांबा थांबा..."

तो आवाज कर्ण्यातून निघाला आणि थांबेचना. अख्खं स्थानक जागच्या जागी उभं राहिलं. डोंगराच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवलेला माणूस तसाच राहिला. झाडूवाल्या बाईचा झाडू थांबला. चहावाल्याने किटली तिरकी धरली होती, ती त्याने सरळ केली. नऊवरच्या गाडीने मागे घ्यायला सुरुवात केली होती. ती कचकन थांबली आणि तिच्या खिडकीतून काकांच्या दोस्ताचं डोकं बाहेर आलं.

सगळे थांबलेत तोवर काकांनी मूळ वाक्यात जाऊन चार खोडला आणि नऊ लिहिला. "बंदराकडे जाणारी गाडी फलाट नऊवर उभी आहे." लोक वळले. कुणी चडफडत, कुणी हसत. एका आजोबांनी आपल्या पेटीला टेकून वर कर्ण्याकडे बघत म्हटलं, "ऐकू आलं हो, किती वेळा सांगाल!" दोस्ताने गाडी बंद केली आणि शेवटचा प्रवासी चढेपर्यंत हलवली नाही.

मोठ्या बाई आत आल्या. त्या हसत नव्हत्या. "चूक तुमची होती, काका."

काकांनी लिहिलं, "माझीच."

"उद्या पुन्हा झाली तर? वाक्य जुनं चिकटवलं की जुना फलाट बरोबर येणारच. दरवेळी सगळ्यांना थांबा थांबा म्हणत बसणार?"

बाई थांबल्या. मग काकांनी आपलं पान उघडलं आणि बाईंच्या देखत पहिल्या ओळीपासून प्रत्येक वाक्यातला फलाटाचा आकडा खोडायला घेतला. जागा मोकळी ठेवली. बंदराकडे जाणारी गाडी फलाट, मोकळी जागा, वर उभी आहे. बाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे आकडा भरल्याशिवाय वाक्य पुरं होणारच नाही," त्या म्हणाल्या. "विसरलात तर..."

काकांनी बोलायचं बटण दाबून दाखवलं. "बंदराकडे जाणारी गाडी फलाट वर उभी आहे," लॅपटॉप अडखळला. अर्धवट बोललं तर चालेल, खोटं बोलायचं नाही, असं काकांना म्हणायचं असावं. निदान मला तरी तसंच समजलं.

बाई कारकुनाकडे वळल्या. "पार्सलच्या खोलीची किल्ली तुझ्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या आणि आपल्या कामाला निघून गेल्या. म्हणजे माइक काकांचा झाला. मग डोंगराची गाडी सुटायची वेळ झाली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एक राहिलंय.

स्थानकावर जमल्यावर काकांना हुरूप आला. त्यांनी घरासाठीही वाक्यं लिहून ठेवली. "निघतो." "आलोच." "औषध घेतलं." "चहा छान झालाय." काकूंनी काही विचारलं की म, न, आणि उत्तर तयार. काकू सुरुवातीला कौतुक करायच्या. मग कमी बोलायला लागल्या. काकांच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, पण मी काय करणार?

एका संध्याकाळी काकूंनी चहा पुढे ठेवला. काकांनी घोट घेतला, माझ्यावर बोटं चालवली आणि लॅपटॉप म्हणाला, "चहा छान झालाय."

"आज मी साखर घातलेलीच नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी कपात पाहिलं.

"कालही नव्हती घातली. परवाही." काकूंचा आवाज बारीक झाला होता. "म्हटलं बघू या, ह्यांना कळतं का. तुम्ही म्हणालात, माझं मला बोलू दे. मी गप्प बसले. मग बोला ना! हे शिळं काय चिकटवताय माझ्यापुढे? मी काय फलाटावर उभी आहे?"

काकांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी लिहून ठेवलेलं पान बंद केलं. नवं कोरं पान उघडलं आणि एका बोटाने लिहायला लागले. पूर्वीसारखंच, अक्षर शोधत, वाकून. चहावर साय धरली. कुकरची शिट्टी झाली, काकूंनी उठून आच बंद केली आणि परत समोर येऊन बसल्या. एकदाही वाकून पडद्याकडे पाहिलं नाही, एक शब्द पुढे होऊन सांगितला नाही. काकांनी काही खोडलं, पुन्हा लिहिलं. खिडकीबाहेरचा उजेड गेला.

मग लॅपटॉप त्याच्या त्या सपाट आवाजात बोलला. "ऑपरेशनच्या आधी भूल देताना नर्सने मला माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तेच माझं शेवटचं बोलणं. तू दाराबाहेर उभी होतीस. तुला काहीतरी सांगून आत जायला हवं होतं. राहून गेलं."

काकूंनी चहाचा कप बाजूला सारला. डोळे पुसले. "मग आता सांगा," त्या म्हणाल्या. "मी कुठे चाललेय?"

आणि काका पुन्हा माझ्यावर वाकले. त्यांनी काय लिहिलं ते मला ठाऊक आहे, पण ते त्या दोघांचं आहे.

ह्याला बरेच दिवस झाले. स्थानकावर आता नवा कीबोर्ड आहे, चपळ, न वाजणारा. मी घरी जेवणाच्या टेबलावर असतो. माझ्यावरचा म अर्धा पुसलाय आणि न तर दिसतच नाही. कंट्रोलचं बटण एका बाजूला कललंय, काकांच्या करंगळीच्या बाजूला. माझ्याकडे बघून कुणी नवीन माणूस काही शिकू शकणार नाही. काकांना मात्र बघावं लागत नाही.

तुम्ही माझ्या जातीच्या कुणासमोर पहिल्यांदा बसणार असाल, तर घाबरू नका. पान कोरं झालं तर झेड आहे. बोट सुटलं तर पुन्हा धरा. आणि तुमच्यासमोर बसून दुसरं कुणी हळूहळू लिहीत असेल, तर तेवढं थांबा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. चहा निवला तर निवू द्या.

बरं, मी आता आवरतं घेतो. काकूंनी टेबल पुसलं, काका खुर्ची ओढतायत. त्यांना काहीतरी बोलायचंय.